पाला जातो कुठं

आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापाशी, रेशमाचं शेड आहे. वर पत्रे, बाजूंनी हिरवी जाळी, आत लोखंडी रॅक. रॅकवर अळ्या असतात. त्या तुतीचा पाला खातात, मधून मधून कात टाकतात आणि शेवटी स्वतःभोवती कोष विणून आत बसतात. कोषाचं रेशीम होतं. धंदा एवढाच.

मला नवल वाटलं ते पाल्याचं. सकाळी भारेच्या भारे आत जायचे, संध्याकाळी पुन्हा भारे. शेवटची कात टाकल्यावर तर अळी खाण्याशिवाय दुसरं काही करत नाही. तेव्हा शेडमध्ये उभं राहिलं की गोठ्यात बैलांना कडबा टाकल्यावर होतो तसा आवाज येतो, फक्त तो सगळीकडून येतो. आणि एवढं खाऊन शेवटी हातात काय, तर भुईमुगाच्या शेंगेएवढा कोष.

सून एकदा म्हणाली, "आत्याबाई, एवढा पाला गेला कुठं?"

मी म्हणाले, "तू लहानपणापासून किती भाकरी खाल्ल्या? त्या गेल्या कुठं? हत्तीएवढी झालीस का?"

ती हसली. मी मात्र नंतर त्याच्या मागं लागले. माझी शाळा चौथीपर्यंतची, तिथं हे कुणी सांगितलं नव्हतं. मग मी नुसती बघत राहिले. अळी पानं खाते, काड्या टाकते. काड्या आणि उरलंसुरलं बकऱ्यांना जातं. खाल्लेल्यातलं बरंचसं काळ्या लेंड्या होऊन खाली पडतं, ते खत होऊन पुन्हा तुतीच्या बुडाशी जातं. थंडीच्या सकाळी अळ्यांवर तळहात धरला की ऊब लागते. ती ऊबही पाल्याचीच, दुसरी कुठून येणार? वळवळायला, मान वर करायला, कात टाकायला थोडं थोडं लागतं. खाली पडलेली अळी कोंबडी उचलते. रॅकमागची पाल आपलं काम करते. मुंग्या येऊ नयेत म्हणून रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागतात, तरी एखादी वाट काढतेच. असं ज्याचं त्याला देऊन जे उरतं त्याचा कोष. मग तो लहानच असणार.

आणि पाला तरी कशाचा? आमच्या बांधावर कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्या सावलीतल्या ओळींचा पाला पातळ येतो, पिवळट. उन्हातला जाड, हात लावला तर करकरतो. म्हणजे मुळात अळी ऊनच खात होती, असं मला वाटायला लागलं. हे मी कुणाला बोलले नाही. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाले असते.

हे शेड सुनेनं घातलं. माझे मालक होते तोवर शेतात हळद आणि सोयाबीन. ते गेले, आणि लेक पुण्याला कंपनीत लागला. सून लेकराला घेऊन वर्षभर तिकडं राहिली. एक खोली, वर पत्रा, दाराशी दुसऱ्याचं दार. ती सांगायची, "तिथं मी नुसती बसून खात होते. खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं अन् कामालाबी येत नव्हतं." मग ती परत आली. कुरुंद्याकडं कुणाचं तरी शेड पाहून आली आणि तुती लावली.

अळ्यांची पहिली खेप माशीनं नासवली. एक माशी असते, ती अळीच्या अंगावर अंडं घालते आणि तिची लेकरं आमच्या अळीला आतून खातात. तेव्हा लेक फोनवर म्हणाला, "आणखी एक करून बघ. ही गेली तर संक्रांतीनंतर सामान भरायचं. पोरीला तिकडं शाळेत घालू." सून बरं म्हणाली.

तर सगळं त्या दुसऱ्या खेपेवर होतं. ती आली तर सून आणि चार वर्षांची नात इथं राहणार. गेली तर आखाड्यावर मी आणि बकऱ्या.

मी कुणाला राहा म्हटलं नाही. नवरा-बायकोनं एका जागी असावं, हे मलाही पटतं. मी माझ्या नवऱ्यापासून बाळंतपणं सोडली तर लांब राहिले नाही. मग तिला कोणत्या तोंडानं सांगायचं की तू नवऱ्यापासून लांब राहा, मला करमत नाही? म्हणून गप्प होते आणि पाला तोडत होते.

त्या पौषात माझी नणंद राहायला आली. माझ्या मालकांहून थोरली, हट्टा गावी दिलेली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. थंडीत ती माहेरी येते आणि आल्या दिवसापासून माझं घर सुधारायला घेते.

आमच्याकडं जनावरांपासून पीक राखायला शेताभोवती जुनी पातळं बांधतात. रोही म्हणजे नीलगाय, ती हलणाऱ्या रंगाला बिचकते. कुठल्या बांधावर कुणाचं पातळ आहे ते बायका लांबून ओळखतात आणि त्यावर बोलतातही. आमच्या तुतीला माझी, सुनेची, जावेची, सगळ्यांची पातळं होती.

नणंदेनं ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अगं, एवढी चांगली पातळं उन्हात काहून वाळत घातली?"

"वाळत न्हाई घातली वन्सं. रोह्यासाठी बांधलीत."

"रोह्याला पातळ नेसवून राहिल्या व्हय तुमी? अन् इथं पोरगी कुडकुडून राहिली, तिला एक धड वाकळ न्हाई!"

"हाय की वाकळ."

"ती वाकळ हाय? त्यातून पलीकडचं गाव दिसतं."

मी हसले आणि शेडमध्ये गेले. तेव्हा अळ्या शेवटची कात टाकायला बसल्या होत्या. त्या वेळी त्या खात नाहीत, हलत नाहीत, मान वर करून गप्प असतात. वरून चुना भुरभुरायचा आणि कोरडं ठेवायचं. सून आणि मी त्यातच होतो. बाहेर नणंद लिंबाखाली बसून वाकळ शिवत होती. मला कापड दिसलं, पण वाटलं, हट्ट्याहून आणलं असेल. तिच्या पिशवीत काय असतं ते तिलाही माहीत नसतं.

दुसऱ्या सकाळी अळ्या उठल्या. कात टाकून उठलेली अळी म्हणजे बाळंतीण, नुसती भूक. सून विळा आणि दोरी घेऊन गेली आणि रिकामी परत आली. विळा दारात टाकला आणि पुन्हा शेताकडं वळली. मी तिच्या मागं गेले. ओढ्याकडचं सगळं शेत खाल्लेलं होतं. पानं नव्हती, कोवळे शेंडे नव्हते, नुसत्या काठ्या उभ्या. जमिनीत खुरांचे ठसे, मध्ये लेंड्यांचा ढीग. आणि बांधावर जिथं पातळं होती तिथं एक सुतळी. तीही तुडवलेली.

मागून नणंद आली. तिनं सुतळीकडं पाहिलं आणि बांधावरच बसली. "म्याच सोडली पातळं. म्हटलं, तिकडून कोण येतंय? सुतळी बांधली की व्हती."

सून तिच्याकडं बघेना. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, पण बोलली नाही. वाकळ तिच्याच लेकरासाठी शिवलेली. त्याला काय बोलायचं?

मी म्हणाले, "रोह्यालाबी पोट हाय. त्यानं खाल्लं. आता त्याच्या पोटातून परत काढता येत न्हाई. उठा."

गावात लोक रोह्याला शिव्या देतात. मी देत नाही. ओढ्याच्या काठचं गवत आणि झुडूप आम्हीच मोडून तूर केली. ते जनावर खाणार कुठं? पाला वाया गेला असंही मी म्हणणार नाही. तो आमच्या अळीऐवजी रोह्याच्या अंगात गेला, एवढंच. पण आमच्या सुनेचं राहणं त्या पाल्यावर होतं. रोह्याला ते ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी लेकाचा फोन आला. सून म्हणाली, "सगळं बराबर हाय. खाऊन राहिल्यात अळ्या." मी चुलीपुढं होते. ऐकलं आणि भाकरी थापत राहिले.

ज्वारी नसली तर माणूस मका खाईल, कण्या खाईल, पाला उकडून खाईल. बकरी काटेही खाते. ही अळी तुतीशिवाय कशालाच तोंड लावत नाही. तिचा ऊन खायचा रस्ता एकच, आणि तो आमच्याकडं अर्ध्यात मोडला होता. जे शेत उरलं होतं ते दोन-तीन दिवसांचं, आणि तेही हात राखून.

आमच्या चुलत दिराची तुती जवळच आहे. आमचं उरलेलं शेत संपत आलं तशी सून त्याच्याकडं गेली, तर तो चांगुलपणानं म्हणाला, "घेऊन जा, विचारतीस काहून?" भारा आला. पण नवा पाला एकदम टाकायचा नाही, ही आमची रीत. आधी सुपात थोड्या अळ्या काढायच्या, त्यांना चाखवायचं आणि वाट बघायची. सुपातल्या अळ्यांनी तो पाला असा खाल्ला की सुनेच्या तोंडावर रंग आला. रॅकवरच्या अळ्या माना वर करून हलवत होत्या. सून म्हणाली, "टाकू का आत्याबाई? किती येळ उपाशी ठेवायच्या?"

"थांब."

"चांगल्या खाऊन राहिल्यात की."

"खाणं येगळं अन् पचणं येगळं. थांब."

दुपारपर्यंत सुपातल्या अळ्या डोकं इकडून तिकडं आपटायला लागल्या. तोंडातून हिरवं पाणी आलं, अंग आखडलं. दिराच्या तुतीला लागून हरभरा आहे, त्यावर फवारा मारला होता आणि वारा तुतीकडं होता. त्याच्या ध्यानात नव्हतं. आमच्याही नव्हतं. तो पाला बकरीलाही टाकता येईना. खड्डा करून पुरला, सुपातल्या अळ्यांसकट.

सून शेडच्या दारात बसली. "आत्याबाई, यांच्याकडं बघवत न्हाई."

"मग बघू नको. तोंड धू अन् लिंबाखालच्या ओळी तोड. पातळ तर पातळ."

पातळ पाला टाकला. तो टाकला तसा संपला.

त्या दिवशी नणंद जेवायला बसली नाही. सकाळीही नुसता चहा झाला होता. मी ताट वाढलं, तिनं सरकवलं. "मला भूक न्हाई."

इथं एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. माझा लेक आणि नणंदेचा धाकटा एकाच पावसाळ्यात झाले. ती बाळंतपणाला माहेरी, म्हणजे माझ्या घरी होती. तिला ताप भरला आणि दूध आटलं. मला होतं. मी दोन्ही लेकरं पाजली. तेव्हा घरात बाळंतिणीला डिंकाचे लाडू वगैरे काही नव्हतं, ज्वारीच्या कण्या होत्या आणि त्याही मोजक्या. मला दोन लेकरांना पुरत नव्हतं. तर ही बाई काय करायची? रोज माझ्यासमोर बसायची आणि तिच्या ताटातलं निम्मं माझ्या ताटात टाकायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "तुला कोण देतंय? म्या माझ्या लेकराला देऊन राहिले. खा मुकाट्यानं." मी खायची, माझं दूध व्हायचं, तिचं लेकरू प्यायचं. तिच्या तोंडचा घास माझ्या अंगातून फिरून तिच्या पोराच्या पोटात जायचा. आता ते पोरगं नांदेडला असतं, केस पिकायला लागले त्याचे. पाला जातो कुठं हे मला खरं तर तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण तेव्हा दोन लेकरं छातीशी असायची, विचार कुठून सुचणार?

तर मी तिच्यासमोर बसले. माझ्या ताटातलं पिठलं तिच्या भाकरीवर टाकलं.

"हे काहून?"

"खा मुकाट्यानं. तुमाला कोण देतंय? अळ्यांना देऊन राहिले. उद्या पाला शोधायला पाय लागत्यात. पाय काय हवेवर चालत्यात व्हय?"

तिनं ताट पुढं ओढलं. मग एक घास मोडला. मग दुसरा. सगळं संपवलं आणि ताट चाटूनपुसून खाली ठेवलं. म्हणाली, "तिखट लई टाकतीस गं तू." नेहमीची झाली.

दुसऱ्या सकाळी उठून पाहिलं तर नणंद नव्हती. आम्हाला वाटलं, रुसून हट्ट्याला गेली. सून म्हणाली, "मी तर काही बोललेबी न्हाई." मी म्हणाले, "म्हणूनच गेल्या आसतील. चार शिव्या दिल्या आसत्या तर राहिल्या आसत्या."

उन्हं चढल्यावर आखाड्याच्या वाटेवर एक पिकअप आली. मागं हिरवा पाला रचलेला, त्यावर एक दांडगी बाई बसलेली, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी आमची नणंद, पदर डोक्यावरून घेऊन, लग्नातल्या वरमाईसारखी.

ती बाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. हळद काढायला हट्ट्याकडं यायची, नणंदेच्या वावरात दरसाल असायची, तेव्हापासूनची ओळख. तिनंही शेड घातलं होतं. तिच्या अळ्या नुकत्याच आल्या होत्या, बारीक होत्या. बारीक अळीला पाला चिमूटभर लागतो. तुती मात्र भरून उभी होती.

ती खाली उडी मारून उतरली. "याडी, पाला कुठं टाकू?" तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. माझ्याहून फार लहान नसेल, तरी मला याडी म्हणाली.

सुनेनं सूप आणलं. बाईनं ते पाहिलं. "हे काय? माझ्या पाल्यावर भरोसा न्हाई?"

नणंद म्हणाली, "तिच्या पाल्याला चाखवता व्हय? लाज वाटंल मला."

"वन्सं, तुमी गप बसा. तुमी पातळं सोडली तवा कुणी चाखवलं नव्हतं."

ती बाई मोठ्यानं हसली. "चाखवा चाखवा. म्याबी चाखवते. माझ्या सासूनं दिला आसता तरी चाखवला आसता. उलट तिचा तर आधी चाखवला आसता."

सुपात अळ्या ठेवल्या आणि आम्ही चौघी भोवती बसलो. नात मध्ये. त्या अळ्यांनी खाल्लं. आम्ही चहा प्यायलो. पुन्हा पाहिलं. अळ्यांनी मान खाली घातलेली, खातच होत्या. मग सुपात काळ्या कोरड्या लेंड्या दिसायला लागल्या, मोहरीसारख्या. सून बोटानं त्या चाळत होती, जसं लेकराचं दुपटं बघतात की पोट बरं आहे का.

"टाक," मी म्हणाले.

आम्ही टाकला. रॅकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हळूहळू कडब्याचा तो आवाज परत आला. सून रॅकला टेकून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चुना गेला डोळ्यात, म्हणाली. त्या दिवशी चुना टाकलाच नव्हता.

बाई निघताना सून म्हणाली, "मावशी, याचं काय द्यायचं तुमाला?"

"पाल्याचं काय घेऊ? पाला उन्हानं आलाय, परत येईल. माझ्याकडं हात न्हाईत. पोरी नांदायला गेल्या, मालक ऊसतोडीला गेलाय. माझ्या अळ्या मोठ्या होतील तवा तुमी यायचं पाला तोडायला, टाकायला. संक्रांत झाली की."

"येऊ," सून म्हणाली.

तिनं ना मला विचारलं ना नवऱ्याला. संक्रांत झाली की म्हणजे कधी, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. नणंदेनं माझ्या पायाला पाय लावला. मी पाय काढून घेतला.

पुढं रोज तांड्याहून पाला आला. अळ्या बोटाएवढ्या झाल्या. एका सकाळी त्यांनी खाणं सोडलं. पिकलेल्या द्राक्षासारखं अंग झालं, उजेडात धरलं तर आरपार पिवळट दिसायचं. मग त्यांना जाळीच्या चौकटींवर सोडलं, त्यांना चंद्रिका म्हणतात. तिथं प्रत्येकीनं आपला कोपरा धरला. पहिल्या दिवशी कोष झिरझिरीत असतो, आत अळी दिसते. मान डावीकडं, मान उजवीकडं, तोंडातून धागा. आता बाहेरून काही आत जाणार नव्हतं. जे खाल्लं तेच बाहेर येत होतं. आमचा पाला, तांड्याचा पाला, लिंबाखालचा पातळ पाला, सगळा एकच पांढरा.

नात विचारायची, "आज्जी, ती बाहेर कवा येणार?"

मी सांगितलं, "येणार न्हाई. बाजारात कोष उकडत्यात."

सून म्हणाली, "लेकराला असं सांगत्यात व्हय?"

"मग काय सांगू? कोंबडी खाती तवा विचारती का?" पण नात रडली नाही. म्हणाली, तिला थंडी नाही वाजणार आतमध्ये. ते मात्र खरं.

संक्रांतीला लेक आला. सुनेनं कोष काढून चादरीवर पसरले होते. त्यानं एक उचलला, बोटांत दाबला. "पातळ हाय."

"मधी उपाशी राहिल्या व्हत्या," सून म्हणाली.

"तू तर म्हणलीस सगळं बराबर हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. रोही, पातळं, फवाऱ्याचा पाला, तांडा. नणंद बाजूला बसून तीळ निवडत होती, एकाच मुठीतले पुन्हा पुन्हा.

लेकानं कोष हातात फिरवला. "मग ही खेप आली म्हणायची का गेली?"

सून म्हणाली, "थोडी रोह्याला गेली, थोडी आपल्याला आली."

"सामान?"

"मला परवापासून तांड्यावर जायचं हाय. शब्द दिलाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आई, तू काय म्हणतीस?"

मला काय म्हणायचं होतं ते माझ्या तोंडाशी होतं. ती राहू दे. पोरगी राहू दे. पण त्याचंही तोंड मी बघत होते. गाल बसले होते, डब्याचं खाऊन. त्याचीही बायको, त्याचंही लेकरू. मी म्हणाले, "आपल्या अळ्यांनी तिचा पाला खाल्लाय. त्याचं काम आपल्या अंगावर हाय. ते करा. पुढचं तुमी दोघं ठरवा. मला मधी घेऊ नका."

"तू असंच बोलतीस," तो म्हणाला. पण त्यानं कंपनीत फोन लावला आणि आणखी थोडी सुट्टी मागून घेतली.

तांड्यावर आम्ही सगळेच गेलो, नणंदही. त्या बाईनं कामाला लावायच्या आधी सगळ्यांना ओसरीत बसवलं आणि बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि ताक दिलं. लेक म्हणाला, "आमी खाऊन आलो मावशी." ती म्हणाली, "ते चालण्यात गेलं. हे पाल्यासाठी हाय. खा." मग तो पाला तोडायला लागला आणि मुळाशी फांदी कापायच्या ऐवजी मधूनच छाटायला लागला. ती ओरडली, "पुण्याच्या कंपनीत हेच शिकवत्यात व्हय? बुडातून काप, न्हाई तर पुढं फुटायची न्हाई!" सून इतकी हसली की तिच्या डोक्यावरचा भारा पडला. त्यानं तो उचलून तिच्या डोक्यावर ठेवला, नीट बसला का बघितलं, आणि हात लगेच काढला नाही.

संध्याकाळी शेतातून परत निघालो. नणंद आणि मी पुढं, नात माझ्या काखेत झोपलेली. ते दोघं मागं. त्याचे हात चिकानं काळे झाले होते, तो ते मातीनं घासत होता.

"आपली तुती फुटली का?" त्यानं विचारलं.

"डोळे आलेत. पानं यायला टाइम हाय."

"भरून कवा येईल?"

"फाल्गुनात."

त्यानं हात झटकले. मग तो म्हणाला, "मग नव्या अळ्या फाल्गुनातच मागव. तवा मी सुट्टी टाकतो. शेवटच्या खाण्याला तुला एकटीला होत न्हाई."

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, हळू बोलली. नणंद थांबून मागं बघायला लागली. मी तिचा हात धरला आणि पुढं ओढलं. आम्ही वळून पाहिलं असतं तर दोघं गप्प झाले असते.